प्रत्येक बंदिवान शिक्षा भोगत नसतो

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील गुन्ह्यांच्या आणि खटल्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अलीकडे नियमित येतात. त्यांचा मूळ मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी वृत्तसंस्थांचा असतो आणि त्यात माणसाला बंदिस्त ठेवण्याच्या जागेसाठी 'जेल', 'प्रिझन', 'पेनिटेन्शरी', 'डिटेन्शन सेंटर', 'लॉकअप' असे वेगवेगळे शब्द योजलेले असतात. मराठीत उतरताना या सर्वांचा सरसकट 'तुरुंग' होतो. वाचायला त्यात काही खटकत नाही, परंतु आत असलेल्या माणसावरील आरोप सिद्ध झाला आहे की नाही, ही बातमीतील सर्वांत महत्त्वाची माहिती नेमकी या भाषांतरात गळून पडते. ठाणे जिल्हा न्यायालयात मी सेवानिवृत्तीपर्यंत भाषांतरकार म्हणून काम केले. जबाब, आरोपपत्रे, आदेश यांचे भाषांतर करताना या शब्दांशी माझा रोजचा संबंध आला, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

अमेरिकेच्या इंग्रजीत 'जेल' आणि 'प्रिझन' या दोन वेगळ्या संस्था आहेत. 'जेल' स्थानिक असते, शहराचे किंवा कौंटीचे (कौंटी म्हणजे राज्यातील आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), आणि कौंटीचे जेल बहुतेक ठिकाणी तेथील शेरीफच्या अखत्यारीत असते. (मुंबईतील शेरीफचे, म्हणजे नगरपालाचे, पद केवळ मानाचे आहे, अमेरिकेतील शेरीफ हा लोकांनी निवडून दिलेला आणि प्रत्यक्ष पोलिसी अधिकार असलेला अधिकारी असतो.) अटक झालेल्या माणसाला प्रथम जेलमध्ये नेतात, जामीन मिळेपर्यंत किंवा खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो तेथे राहतो, आणि किरकोळ गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले लोकही ती बहुधा तेथेच भोगतात. 'प्रिझन' हे राज्य सरकारचे किंवा संघ सरकारचे असते, आणि गंभीर गुन्हा सिद्ध होऊन वर्षाहून अधिक मुदतीची शिक्षा झाली की गुन्हेगाराची रवानगी तेथे होते. या नियमाला अपवाद आहेत. कॅलिफोर्नियाने २०११ पासून काही प्रकारच्या गुन्हेगारांना वर्षाहून मोठी शिक्षासुद्धा कौंटीच्या जेलमध्ये भोगण्याची तरतूद केली, आणि अलास्का, कनेक्टिकट, व्हरमाँट अशा मोजक्या राज्यांत दोन्ही प्रकारच्या जागांचा कारभार एकाच खात्याकडे आहे. तरीही अमुक माणूस 'जेल'मध्ये आहे असे वाचल्यावर अमेरिकेतला वाचक त्याचा खटला अजून चालायचा असेल असे धरून चालतो, आणि 'प्रिझन'मध्ये आहे असे वाचल्यावर त्याला शिक्षा झाली आहे असे समजतो. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावर बंदिस्त असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक खटल्याच्या प्रतीक्षेत असतात. १९३४ ते १९६३ या काळात संघ सरकारने चालवलेल्या अल्काट्राझ बेटावर मात्र सगळे शिक्षा झालेलेच होते. दोन्ही ठिकाणांना आपण 'तुरुंग' म्हणतो.

एक अलीकडचे उदाहरण पाहावे. २४ ऑगस्ट २०२३ रोजी डोनाल्ड ट्रम्प जॉर्जिया राज्यातील फुल्टन कौंटीच्या जेलमध्ये हजर झाले. तेथे त्यांचे ते पुढे जगभर गाजलेले छायाचित्र काढण्यात आले आणि दोन लाख डॉलरच्या हमीवर ते थोड्याच वेळात बाहेर पडले. आपल्याकडे अटक दाखवून पोलीस ठाण्यात नोंद करतात आणि जामिनावर सोडतात, त्याच्याशी मिळतीजुळती ही प्रक्रिया होती. तिचे वर्णन 'ट्रम्प तुरुंगात' असे केले, तर मराठी वाचकाच्या मनात शिक्षा झालेल्या माणसाचे चित्र उभे राहते. ट्रम्प यांच्याविषयी कोणाचे काय मत आहे, हा मुद्दा येथे गैरलागू आहे. त्या दिवशी त्या जागेत काय घडले, ते बातमीतून कळायला हवे.

'पेनिटेन्शरी' या शब्दात पश्चात्तापाची कल्पना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील क्वेकर पंथीय सुधारकांनी असा विचार मांडला, की गुन्हेगाराला फटके मारण्यापेक्षा एकांतात ठेवले तर तो आत्मपरीक्षण करील आणि सुधारेल. त्याच शहरात १८२९ मध्ये सुरू झालेल्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीत प्रत्येक बंद्याला स्वतंत्र कोठडी होती आणि त्याने दुसऱ्या बंद्याचे तोंडही पाहू नये, अशी व्यवस्था होती. हीच एकांतवासाची रचना पुढे आपल्या ओळखीच्या एका वास्तूत अत्यंत क्रूर रूपात अवतरली. १८९६ ते १९०६ या काळात अंदमानात बांधलेल्या 'सेल्युलर जेल'ला ते नाव पडले ते तेथील शेकडो स्वतंत्र कोठड्यांमुळे. त्याच्या नावात 'जेल' आहे, पण अमेरिकन अर्थाने ते जेल नव्हतेच. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्यांना तेथे ठेवत. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात 'जेल' आणि 'प्रिझन' हे शब्द अदलाबदल करून वापरले आणि तीच सवय आपल्या सरकारी इंग्रजीत राहिली.

ही सवय कायद्यातही उतरलेली आहे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमातील तिसऱ्या कलमात 'प्रिझन' या संज्ञेची व्याख्या करताना 'कोणतेही जेल' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे भारतीय कायद्याच्या दृष्टीने हे दोन शब्द मुळात वेगळे नाहीत. जी जागा केवळ पोलिसांच्या ताब्यातील माणसांसाठी आहे, ती मात्र त्याच व्याख्येतून वगळलेली आहे. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. अमेरिकेत सीमारेषा जेल आणि प्रिझन यांच्यामध्ये, म्हणजे निकालाच्या आधीची जागा आणि नंतरची जागा यांच्यामध्ये आहे. आपल्याकडे ती पोलीस ठाण्यातील लॉकअप आणि कारागृह यांच्यामध्ये आहे. एकदा कारागृहाच्या दरवाजातून माणूस आत गेला, की त्याचा खटला चालू असो वा शिक्षा झालेली असो, वास्तू तीच असते. १८९४ च्याच कायद्याचे सत्ताविसावे कलम दोघांना वेगळे ठेवायला सांगते, आणि एकतिसावे कलम शिक्षा न झालेल्या बंद्याला स्वतःचे कपडे, अंथरूण, बाहेरून अन्न मिळवण्याची मुभा देते. म्हणजे हा फरक कायदा करणाऱ्यांना पुरता ठाऊक होता. परंतु जागेच्या नावावरून तो बाहेरच्या माणसाला कळत नाही. म्हणून आपल्या कारागृह विभागाने फरक दाखवणारे शब्द जागेला न देता माणसाला दिले. खटला चालू असलेला तो 'न्यायाधीन बंदी', शिक्षा झालेला तो 'सिद्धदोष बंदी', प्रतिबंधक कायद्याखाली खटल्याविना ठेवलेला तो 'स्थानबद्ध', आणि दिवाणी प्रकरणात अटक झालेला तो 'दिवाणी बंदी'. तेव्हा इंग्रजीतील 'जेल'चे मराठी करताना एका जागेच्या नावाला दुसऱ्या जागेचे नाव शोधत बसू नये. 'खटल्याच्या प्रतीक्षेत कौंटीच्या कोठडीत असलेला आरोपी' असे लिहिले की काम होते.

हा काथ्याकूट नाही, हे एका आकड्यावरून लक्षात येईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. 'तुरुंगात आहे म्हणजे गुन्हेगारच' असे जो मनाशी धरतो, तो दर चार माणसांपैकी तिघांच्या बाबतीत न्यायालयाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो.

आमच्या ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला किल्ला, तेच हे कारागृह. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर दुसऱ्या बाजीरावाने आपले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांच्या हवाली केले तेव्हा त्यांना येथेच ठेवले होते, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते येथूनच निसटले. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नव्हता. आजच्या भाषेत ते 'स्थानबद्ध' होते. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना जॅक्सन वधाच्या खटल्यात याच ठिकाणी फाशी देण्यात आले. ते शिक्षा झालेले बंदी होते. आणि आज न्यायालयाच्या तारखेला पोलिसांच्या गाडीतून येथून जी माणसे नेली-आणली जातात, ती न्यायाधीन आहेत. भिंती त्याच असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने या तीन प्रकारच्या बंद्यांचे स्थान पूर्णपणे निराळे आहे आणि 'ठाण्याच्या तुरुंगात होते' या वाक्यात त्यांतले काहीच येत नाही.

इतिहासलेखनातही हा घोळ दिसतो. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याच वर्षी पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली खटला न चालवताच बंदिस्त करण्यात आले. टिळकांवर निदान आरोप ठेवला गेला, ज्युरीसमोर बचाव करता आला, निकाल लागला. नातूंच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही. शाळेच्या निबंधांत आणि जयंतीच्या भाषणांत मात्र दोघांनीही 'तुरुंगवास भोगला' एवढेच येते. खटल्याविना डांबणे हा त्या राजवटीचा अधिक मोठा अन्याय होता, असे मला वाटते, आणि तो या सरसकट शब्दामुळे झाकला जातो.

आता जवळची एक गोष्ट. आमच्या कळव्यातील एका तरुणाला हाणामारीच्या एका प्रकरणात अटक झाली होती. जामिनासाठी हमीदार उभा करता न आल्याने तो बराच काळ कारागृहात राहिला आणि अखेर न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंत्राटदाराकडे नोकरीसाठी गेला असता त्याच्यापुढे एक छापील अर्ज आला. अर्जाची डावी बाजू इंग्रजीत, उजवी मराठीत होती. इंग्रजीत विचारले होते, की कोणत्याही गुन्ह्यात तुम्हाला दोषी ठरवले आहे काय? मराठीत त्याच प्रश्नाचे झाले होते, 'आपण कधी तुरुंगात होता काय?' इंग्रजी प्रश्नाचे त्याचे खरे उत्तर 'नाही' होते आणि मराठी प्रश्नाचे खरे उत्तर 'होय'. तो मराठी वाचणारा मुलगा. त्याने प्रामाणिकपणे 'होय' लिहिले आणि त्याला परत बोलावणे आले नाही. तो अर्ज मी स्वतः पाहिला आहे. ज्या कोणी ते भाषांतर केले त्याच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. त्याने रोज वाचनात येणारा शब्द उचलला. म्हणूनच वृत्तपत्रांच्या भाषेविषयी मला इतके आग्रहाने लिहावेसे वाटते.

आपल्याच बातम्यांतील 'न्यायालयीन कोठडी' या शब्दाचाही विचार व्हायला हवा. हा शब्द ऐकून न्यायालयाच्या इमारतीत एखादी खोली असते आणि आरोपीला तेथे ठेवतात, अशी अनेकांची समजूत होते. न्यायालयाच्या आवारात मला हा प्रश्न विचारणारे नातेवाईक कितीतरी भेटले. वस्तुस्थिती अशी, की अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते, हा संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाचा आदेश आहे. त्यानंतर दंडाधिकारी त्याला पोलीस कोठडी देतात किंवा न्यायालयीन कोठडी देतात. पोलीस आणि वकील यांच्या बोलण्यात अनुक्रमे 'पीसीआर' आणि 'एमसीआर'. पोलीस कोठडीत तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतो आणि तिची एकूण मुदत सामान्यतः पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. 'एमसीआर' झाला की त्याला ठाणे, तळोजा, आधारवाडी किंवा आर्थर रोड अशा कारागृहात नेतात आणि त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस त्याची चौकशी करू शकत नाहीत. म्हणजे 'कोठडी' हा एकच शब्द दोन अगदी भिन्न ताब्यांसाठी आपण वापरतो. एका ताब्यात मारहाणीची भीती असते. दुसऱ्यात वर्षानुवर्षे खितपत पडण्याची. कारागृहाच्या दारात मुलाखतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका मात्र हा फरक अचूक जाणतात. 'पोरगा अजून कच्चा कैदी आहे' असे त्या सांगतात तेव्हा त्यात कायद्याचा सगळा अर्थ येतो.

तीच गत 'सुटका' या शब्दाची. जामिनावर बाहेर आलेला, संचित किंवा अभिवचन रजेवर (म्हणजे फर्लो किंवा पॅरोलवर) आलेला, शिक्षा पुरी करून आलेला आणि निर्दोष ठरलेला, या सर्वांची मथळ्यात 'सुटका'च होते.

शब्दांमुळे हक्कांतही कसा फरक पडतो, याचे एक उदाहरण लोकप्रतिनिधित्व अधिनियमात आहे. त्याच्या कलम ६२ मधील पाचव्या पोटकलमानुसार शिक्षेमुळे असो वा अन्य कारणाने असो, तुरुंगात असलेल्या किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या व्यक्तीला मतदान करता येत नाही. म्हणजे न्यायाधीन बंद्याचे मतही जाते. प्रतिबंधक कायद्याखालील स्थानबद्धाला मात्र त्याच कलमाने मतदानाची मुभा ठेवली आहे. उमेदवारी करायला न्यायाधीन बंद्याला बंदी नाही. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की अपात्रता येते. निवडणुकीच्या काळात 'तुरुंगातून लढणारा उमेदवार' असा उल्लेख वाचून सामान्य मतदाराला यांतले नेमके काय समजावे?

काही शब्द मुद्दाम सौम्य केलेले असतात आणि तेथे भाषांतरकाराने अधिक सावध राहायला हवे. जानेवारी २००२ मध्ये क्यूबातील ग्वांतानामो येथील आपल्या नौदल तळावर छावणी उघडल्यावर अमेरिकेने तेथील लोकांना 'प्रिझनर' न म्हणता 'डिटेनी' म्हटले, कारण युद्धकैदी म्हटले की जिनिव्हा करारातील हक्क द्यावे लागले असते. आसामात परकीय ठरवलेल्यांच्या 'डिटेन्शन सेंटर'चे सरकारी नाव २०२१ मध्ये 'ट्रान्झिट कॅम्प' झाले. नवी मुंबईत नेरूळला असे केंद्र उभारण्याची चर्चा २०१९ मध्ये झाली होती, तेव्हा ते कारागृह असेल की आणखी काही, हे बातम्या वाचून अनेकांना उमगले नव्हते. अशा जागांना 'स्थानबद्धता केंद्र' हा शब्द मराठीत आहे आणि तो योग्य आहे, कारण तेथील माणसावर बहुधा फौजदारी गुन्हा सिद्ध झालेला नसतो. उलट रशियाच्या 'पीनल कॉलनी'चे शब्दशः 'वसाहत' करू नये. तेथील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांचा फेब्रुवारी २०२४ मध्ये जेथे मृत्यू झाला, ती ध्रुववृत्ताच्या पलीकडची शिक्षेची कडक छावणी होती. आपल्याकडे आटपाडीजवळ औंध संस्थानच्या काळात सुरू झालेली स्वतंत्रपूरची वसाहत आहे, तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. मराठी वाचकाला 'वसाहत' म्हटल्यावर ती आठवेल आणि त्याची दिशाभूल होईल.

अल्पवयीन मुलांबाबत तर कायदा स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या दहाव्या कलमानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला, कोणत्याही परिस्थितीत पोलीस लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. चौकशी चालू असताना त्याला 'निरीक्षणगृहा'त ठेवतात. बातमीत 'बालसुधारगृह' लिहिले की त्याला सुधारण्याची गरज आहे हे आधीच ठरल्यासारखे होते.

मथळ्यात जागा कमी असते, हे मला मान्य आहे. पण 'कोठडी' हा शब्द 'तुरुंगा'पेक्षा लांब नाही, आणि 'न्यायाधीन बंदी' जड वाटत असेल तर लोकांच्या तोंडी असलेला 'कच्चा कैदी' खुशाल वापरावा. परदेशी बातमीत 'जेल' आले तर त्या माणसाला शिक्षा झाली आहे काय, हे उपसंपादकांनी पाहावे आणि ते पहिल्या परिच्छेदात लिहावे. आपल्या जिल्ह्यातील बातमीत पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाली, तर आरोपीला कोणत्या कारागृहात नेले तेही द्यावे, म्हणजे कोठडी न्यायालयात असते हा समज राहणार नाही. आणि ज्याच्या अटकेची बातमी आपण नावानिशी छापली, तो निर्दोष सुटला तर त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे 'निर्दोष मुक्तता' असे छापावे, ही माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार,
कळवा, ठाणे